वॉटर-बेस वॉर्निशसाठी ब्रश कसा निवडावा आणि कसा वापरावा

तेलातल्या वॉर्निशची सवय असलेल्या माणसाने वॉटर-बेस वॉर्निशचा डबा पहिल्यांदा उघडला की एक गोष्ट लगेच जाणवते: हे वॉर्निश थांबत नाही. तेलातलं वॉर्निश कित्येक तास ओलं राहतं. ब्रशने पडलेल्या रेघा त्या वेळात हळूहळू भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट झालेला असतो. वॉटर-बेस वॉर्निशमध्ये अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रेझिनचे (प्लास्टिकसारख्या राळेचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की हे कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सलग थर बनतो. उबदार, कोरड्या खोलीत दोन-तीन मिनिटांतच ब्रश ओढताना जड लागायला लागतो आणि अर्ध्या-एक तासात थर बोटाला चिकटेनासा होतो. त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत ब्रशने जे करून ठेवलं, तेच कायमचं राहतं.

म्हणून इथे ब्रशकडून तीन कामं हवीत. त्याने एका बुडवणीत भरपूर वॉर्निश उचलावं, ते दोन-तीन फेऱ्यांत सारखं पसरवावं, आणि मागे इतक्या बारीक रेघा सोडाव्यात की हाताशी असलेल्या थोड्या वेळात त्या आपोआप भरून येतील. केस, टोक, पत्रा, रुंदी यांबद्दल पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या तीन कामांवरूनच ठरतं.

ज्यांना आज लगेच काम सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. टेबल, कपाटाची दारं, फळ्या यांसाठी ५० किंवा ६३ मिमी रुंदीचा (२ किंवा अडीच इंची), पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉन-पॉलिएस्टर मिश्र केसांचा, बारीक निमुळत्या टोकांचा, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा ब्रश घ्या. खुर्चीचे पाय, खाचा, नक्षी यांसाठी तसाच २५ मिमीचा दुसरा घ्या. घरगुती कामातलं बहुतेक सगळं या दोन ब्रशांत होतं.

केस कशाचे आहेत

नैसर्गिक केसांचे, म्हणजे डुकराच्या केसांचे ब्रश तेलातल्या वॉर्निशसाठी उत्तम. हे केस ताठ असतात, मुळाकडून टोकाकडे निमुळते होतात आणि त्यांची टोकं निसर्गतःच फाटलेली असतात. पण केस हे प्रथिन आहे आणि ते पाणी पितं. पाण्याच्या वॉर्निशमध्ये असा ब्रश दहा-पंधरा मिनिटं वापरला की केस फुगतात, ताठरपणा जातो, टोकं एकमेकांपासून फाकतात आणि ब्रश भिजलेल्या केरसुणीसारखा लोळायला लागतो. मग दाब वाढवावा लागतो. दाब वाढवला की थर एकीकडे पातळ, दुसरीकडे जाड पडतो. ब्रश महागाचा असला तरी हा दोष जात नाही, कारण तो केसाच्या जातीतच आहे. त्यामुळे वॉटर-बेस वॉर्निशला कृत्रिम केसांचाच ब्रश हवा.

कृत्रिम केसांतही फरक आहे. साधं नायलॉन मऊ, चिवट आणि दीर्घकाळ टिकणारं असतं, पण तेही काही प्रमाणात पाणी घेतं: पूर्ण भिजल्यावर आपल्या वजनाच्या ८-९ टक्के. नायलॉनचीच ६१२ नावाची जात साधारण ३ टक्क्यांवर थांबते. पॉलिएस्टर मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं, त्यामुळे तासभर काम केल्यावरही त्याचा ताठरपणा जवळपास सुरुवातीइतकाच राहतो. उकाड्यात हा फरक जास्त जाणवतो, कारण नायलॉन उष्णतेनेही मऊ पडतं.

म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर घ्यायचं का? सलग मोठं काम असेल तर हो. पण नायलॉनच्या टोकांत एक मऊपणा असतो जो शेवटच्या हलक्या फेऱ्याला फार उपयोगी पडतो, आणि ते झिजतही कमी. म्हणून दोन्हींचं मिश्रण असलेला ब्रश हा आमच्या मते सर्वांत समाधानकारक पर्याय: पॉलिएस्टरने अंग धरलेलं, नायलॉनने टोक सांभाळलेलं.

तिसरा एक प्रकार चित्रकारांच्या साहित्यात मिळतो. टॅकलॉन नावाचे अतिशय बारीक, मऊ, सोनेरी किंवा पांढरे केस. हेही कृत्रिमच, पण भिंतीच्या ब्रशच्या केसांहून कितीतरी बारीक. पातळ वॉर्निश, छोटी पेटी, फ्रेम, वाद्याचं अंग, किंवा शेवटचा चकचकीत हात यांसाठी २५ ते ५० मिमीचा चपटा टॅकलॉन ब्रश अप्रतिम काम देतो. दाट वॉर्निश मात्र त्याला पेलत नाही. केस वाकतात आणि परत उभे राहत नाहीत.

वेष्टनावर ‘सर्व रंगांसाठी’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. केसांचा पदार्थ स्पष्ट लिहिलेला ब्रशच घ्या.

टोक, आणि रेघ भरून येण्याचं गणित

ओल्या थरात ब्रशच्या प्रत्येक केसामागे एक बारीक चर आणि शेजारी एक उंचवटा पडतो. पृष्ठताणामुळे हे उंचवटे खाली बसतात आणि चर भरतात. हे किती वेगाने होईल ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: वॉर्निश किती दाट आहे, थर किती जाड आहे आणि रेघा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत. यातल्या अंतराचा परिणाम थक्क करणारा आहे. रेघांमधलं अंतर निम्मं केलं तर भरून येण्याचा वेग दुप्पट किंवा चौपट होत नाही, सोळापट होतो. थराची जाडी निम्मी केली तर हाच वेग आठव्या हिश्श्यावर येतो.

ब्रशनिवडीतलं अर्धं शहाणपण या दोन आकड्यांत आहे. जाड केसांचा ब्रश एकमेकींपासून दूर-दूर रेघा पाडतो आणि त्या भरायच्या आत वॉर्निश घट्ट होतं. बारीक टोकांचा ब्रश जवळ-जवळ रेघा पाडतो, त्या काही सेकंदांत नाहीशा होतात. आणि ब्रश कितीही चांगला असला तरी वॉर्निश ताणून-ताणून पातळ पसरवलं, तर बारीक रेघाही राहून जातात. ‘पातळ हात मारा’ हा सल्ला म्हणून जपूनच पाळायचा. ओघळणार नाही इतका पातळ हवा, कोरडा पडेल इतका नको.

टोक बारीक करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. निमुळते केस म्हणजे मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत गेलेले. हे हवेतच, कारण मुळाशी ताठरपणा आणि टोकाशी मऊपणा दोन्ही मिळतात. मुळापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचे केस असलेला ब्रश भिंतीला चालेल, लाकडाला नाही. त्याच्यापुढे दोन प्रकार येतात. एकात यंत्राने टोकं चिरलेली असतात, दुसऱ्यात टोकं घासून सुईसारखी अणकुचीदार केलेली असतात. चिरलेली टोकं जास्त वॉर्निश धरतात, पण त्या फटींत हवा अडकते आणि फेसाळणाऱ्या वॉर्निशमध्ये बुडबुडे वाढू शकतात. शिवाय चिरलेली टोकं धुवायला कठीण. पातळ वॉटर-बेस वॉर्निशसाठी अणकुचीदार टोकं जास्त भरवशाची.

स्वस्त ब्रशमध्ये कधीकधी पोकळ केस असतात. ते आतून नळीसारखे असतात, वॉर्निश आत शिरून वाळतं आणि दुसऱ्या कामाला ब्रश कडक झालेला सापडतो.

ब्रश बाजूने पाहिला तर टोकांची रांग कशी कापली आहे तेही दिसतं. दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडे उतरती, छिन्नीच्या पात्यासारखी कापलेली रांग हवी. त्यामुळे शेवटच्या हलक्या फेऱ्यात टोकांची एकच ओळ लाकडाला लागते. सरळ, बोथट कापलेल्या ब्रशची कितीतरी जास्त टोकं एकदम टेकतात आणि तो ओढल्यासारखा चालतो.

पत्रा, गोंद आणि आतली पोकळी

केस आणि दांडा यांना जोडणारी धातूची पट्टी, म्हणजे पत्रा, तेलाच्या कामात फारशी महत्त्वाची नसते. पाण्याच्या कामात असते. साध्या लोखंडी पत्र्यावर मुलामा असला तरी कडांना तो उघडा असतो. काही धुण्यांतच तिथे गंज धरतो आणि तो वॉर्निशमध्ये उतरतो. ओक, अक्रोड, चेस्टनट यांसारख्या टॅनिन (लाकडातला तुरट पदार्थ) जास्त असलेल्या लाकडात तर लोखंडाचा अंश आणि पाणी एकत्र आले की निळसर काळे डाग पडतात. ते वरवरच्या घासण्याने जात नाहीत, कारण ते तंतूंत उतरलेले असतात. स्टेनलेस स्टील, पितळ किंवा तांब्याचा पत्रा घ्या. लोहचुंबक मात्र इथे पक्की कसोटी नव्हे, कारण काही जातींचं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटतं.

केस आत इपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या गोंदाने, पक्के केलेले असावेत. पत्र्याच्या तोंडाशी केस बाजूला सारून आत पाहा. सलग, कडक, भेगा नसलेला गोंदाचा थर दिसला पाहिजे.

आत एक-दोन लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याही असतात. त्यांच्यामुळे केसांच्या मधोमध पोकळी तयार होते आणि तिथे वॉर्निशचा साठा राहतो. ही पोकळी हवी, पण बेताची. ब्रश भरदार दिसावा म्हणून जाड पट्टी घालून केस कमी केलेले ब्रशही असतात. असा ब्रश मधून दोन भागांत फाटतो आणि दुहेरी रेघ पाडतो.

रुंदी, लांबी आणि आकार

रुंदी कामाच्या आकाराहून वेळेवर जास्त अवलंबून आहे. एक पट्टा ओला असतानाच शेजारचा पट्टा त्याला भेटला पाहिजे, नाहीतर जोडाची रेघ दिसते. समजा १२०० मिमी लांब आणि ६०० मिमी रुंद टेबल आहे. एका पट्ट्याची रुंदी ब्रशच्या दीडपट धरली तर ५० मिमीच्या ब्रशने ७५ मिमीचे आठ पट्टे आणि सात जोड पडतील. ७५ मिमीच्या ब्रशने पाच-सहा पट्ट्यांत काम संपेल, आणि रुंद ब्रश एका बुडवणीत जास्त माल उचलत असल्याने प्रत्येक पट्टाही लवकर पुरा होईल. नवख्या हाताला मात्र ७५ मिमीचा ओला ब्रश जड पडतो आणि कडेवरून वॉर्निश सांडतं. त्यामुळे या मापाच्या टेबलाला ६३ मिमी हा चांगला मध्य आहे.

मोजमाप साधारण असं धरा: बारीक पट्ट्या, नक्षी, खुर्चीचे पाय यांना २५ मिमी, चौकटी आणि फ्रेमना ३८ ते ५०, कपाटाची दारं आणि फळ्यांना ५० ते ६३, मोठ्या टेबलाला आणि सपाट दाराला ६३ ते ७५. १०० मिमीच्या वर ब्रशच्या वाटेला जाऊ नका, तिथे पॅड (मुठीला लावलेली चपटी लवदार गादी) किंवा रोलर बरा.

पत्र्याबाहेर दिसणारे केस किती लांब आहेत हेही पाहा. ५० मिमीच्या ब्रशला साधारण ६० ते ७० मिमी लांबीचे केस शोभतात. आखूड केसांचा ब्रश ताठ आणि खरखरीत चालतो, फार लांब केसांचा सैल. जाडी, म्हणजे पत्र्याची खोली, १२ ते १८ मिमी असावी. पातळ ब्रश माल धरत नाही, सारखा बुडवावा लागतो, आणि तोवर आधीची कड वाळते.

टोकांची रांग सरळ असलेला ब्रश सपाट भागाला. तिरपी रांग असलेला चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांना आणि खिडकीच्या पट्ट्यांना. गोल किंवा लंबगोल ब्रश कठड्याचे खांब, गोल पाय अशा वळणदार भागांवर छान बसतो. सपाटीवर तो नको.

फोमचा ब्रश, पॅड, रोलर

फोमचा ब्रश रेघा पाडत नाही, म्हणून मोह होतो. छोट्या सपाट तुकड्याला तो ठीकच आहे. पण दाबला की आतली हवा वॉर्निशमध्ये जाते, थर पातळ पडतो आणि धारदार कडेवर फोम फाटतो. वापरायचाच असेल तर हळू, न दाबता, एकाच दिशेने. पॅड मोठ्या सपाट पृष्ठभागाला, जमिनीला उत्तम. कोपऱ्यांत तो माल सोडून जातो, तेवढं ब्रशने टिपून घ्यावं लागतं. रोलर वापरलात तर ४ ते ६ मिमी लवेचा मायक्रोफायबर घ्या आणि रोलरमागोमाग लगेच चांगल्या ब्रशचा एक हलका फेरा द्या. रोलर माल पसरवतो, ब्रश तो सपाट करतो. एकट्याने रोज मोठी दारं करायची असतील तर या जोडीइतकं सोपं दुसरं काही नाही.

विकत घेण्याआधी हातात घेऊन तपासा

वेष्टन काढू देत नसतील तर निदान बाजूने आणि टोकाकडून उजेडात धरून पाहाच. हातात मिळाला तर पुढच्या गोष्टी दोन मिनिटांत होतात.

टोकं तळहातावर टेकवून हलकेच दाबा. केस साधारण अर्ध्या लांबीपर्यंत सारखे वाकले पाहिजेत आणि सोडल्यावर एकदम सरळ झाले पाहिजेत. वाकलेलेच राहिले तर तो ओला झाल्यावर आणखी लोळेल. अजिबात वाकले नाहीत तर तो ओरखडे काढेल. मग तोच ब्रश गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. टोचला तर लाकडावरही रेघ उठवणार.

केस बोटांनी पंख्यासारखे पसरवून पाहा. मधे उघडी फट दिसते का, सगळे केस एकाच लांबीचे आहेत का? चांगल्या निमुळत्या ब्रशमध्ये मुद्दाम काही आखूड केस मिसळलेले असतात, त्यामुळे आत थोडे कमी-जास्त दिसले तर घाबरू नका. पण टोकांच्या ओळीबाहेर आलेला एखादा वेडावाकडा केस दिसला तर तो प्रत्येक फेऱ्यात एक खोल रेघ पाडेल.

तळहातावर चार-पाच वेळा आपटा आणि केस हलकेच ओढा. नव्या ब्रशचे एक-दोन सुटे केस पडणं स्वाभाविक आहे. पाच-सात आले आणि ओढल्यावरही येतच राहिले तर ठेवून द्या. शेवटी दांडा एका हातात आणि पत्रा दुसऱ्या हातात धरून पिळून पाहा. खडखडला किंवा हलला तर दोन धुण्यांत सुटेल. दांडा लाकडी असेल तर त्यावर रंग किंवा सीलर पूर्ण आहे ना, हेही बघा. उघडं लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळून आकसतं आणि पत्रा ढिला करतं.

नवा ब्रश कामासाठी तयार करणं

नवा ब्रश थेट वॉर्निशमध्ये बुडवू नका. त्यात सुटे केस, कापताना राहिलेला चुरा आणि कारखान्यात केसांना लावलेली सामग्री असते. दांडा दोन्ही तळव्यांत धरून जोरात फिरवा, केसांतून ब्रशचा कंगवा काढा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहा. उरलेला साबण वॉर्निशमध्ये फेस करतो, शिवाय थरावर डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडू शकतो. झटकून, आकार नीट करून वाळू द्या.

प्रत्यक्ष काम सुरू करताना ब्रश स्वच्छ पाण्यात पत्र्यापर्यंत बुडवा आणि पाणी नीट झटकून टाका. ओलसर राहावा, थेंब पडू नये. यामुळे केसांच्या मुळाशी आधीच पाणी असतं, वॉर्निश तिथे चढून वाळत नाही आणि शेवटी ब्रश धुणंही सोपं जातं. ही सवय नसलेले ब्रश मुळाशी कडक होऊन आधी फाकतात आणि मग निकामी होतात.

वॉर्निश मारताना

खोलीचं तापमान १८ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर उत्तम. १० अंशांच्या खाली रेझिनचे कण नीट मिसळत नाहीत आणि थर भुकटीसारखा, भेगाळ होतो. थेट ऊन आणि चालू पंखा टाळा, कारण दोन्ही वरचा पापुद्रा लवकर धरायला लावतात. लाकूड २२० नंबरच्या सँडपेपरने घासून झालेलं असावं. पाण्याने तंतू उभे राहतात, म्हणून घासलेलं लाकूड ओल्या फडक्याने एकदा पुसून, पूर्ण वाळवून, उभे राहिलेले तंतू पुन्हा २२० ने हलकेच कापून घ्या. स्टील वूल अजिबात वापरू नका. त्याचे लोखंडी कण लाकडात राहतात आणि पाण्याने गंजतात.

१. डबा हलवू नका, ढवळा. मॅट आणि सॅटिन वॉर्निशमध्ये चमक कमी करणारी सिलिकाची पूड तळाशी बसते. सपाट काठीने तळ खरवडत, हवा न मिसळता, दोन-तीन मिनिटं ढवळा. हलवल्याने जो फेस होतो तो जायला तास लागतात.

२. लागेल तेवढंच नायलॉनच्या जाळीतून गाळून वेगळ्या भांड्यात काढा. एक लिटर वॉर्निश एका हातात साधारण १० ते १२ चौरस मीटर जातं. वरच्या टेबलाचं क्षेत्र ०.७२ चौरस मीटर, म्हणजे एका हाताला ६० ते ७२ मिलिलिटर. ब्रश पितो ते धरून १०० मिलिलिटर काढा. डब्याचं झाकण लगेच लावा.

३. केसांचा एक तृतीयांश भागच बुडवा, पत्र्यापर्यंत कधीच नाही. मग ब्रश भांड्याच्या आतल्या बाजूंना दोनदा हलकेच आपटा. काठावर घासून निथळू नका. घासल्याने माल कमी होतो आणि फेस भांड्यात पडतो.

४. पहिला स्पर्श कडेवर नको. कडेपासून ५० ते ७५ मिमी आत टेकवा आणि कडेकडे न्या, मग परत उलट दिशेने पट्टा पुढे न्या. कडेवर ब्रश टेकवला की माल धारेवर पिळला जातो आणि खाली ओघळतो.

५. ब्रश साधारण ४५ अंशांत धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने पट्टा भरा. दोन फेऱ्यांत सारखं करा.

६. लगेच, त्याच मिनिटात, पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सलग हलका फेरा द्या. ब्रश जवळजवळ उभा, केवळ टोकं टेकलेली, दाब ब्रशच्या वजनाइतकाच. खाली येताना आणि वर उचलताना ब्रश चालता असू द्या, थांबून टेकवला तर डाग राहतो.

७. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेत १० ते १५ मिमी चढवा. शेवटचे हलके फेरे सगळ्या टेबलावर एकाच दिशेने असू द्या, विशेषतः मॅटमध्ये. नाहीतर तिरप्या उजेडात पट्टे उठून दिसतात.

८. मागे वळून पाहू नका. राहिलेला ठिपका, पडलेला केस तीन-चार मिनिटांनंतर दिसला तर तो तसाच राहू द्या. वाळल्यावर ३२० ने घासून पुढच्या हातात तो भरून निघतो. अर्धवट धरलेल्या थरात ब्रश घातला तर पापुद्रा ओढला जातो आणि ते दुरुस्त करायला अख्खा हात खरवडावा लागतो.

वॉर्निश दाट वाटत असेल तर पाणी ५ ते १० टक्क्यांच्या आत, आणि डब्यावरची सूचना परवानगी देत असेल तरच. दोन हातांच्या मधे बहुधा दोन तास पुरतात. दमट हवेत जास्त थांबा. काम अर्ध्या तासाहून लांबलं तर मधेच ब्रश पाण्यात धुऊन, झटकून पुन्हा सुरू करा. तेवढ्याने पुढचा अर्धा तास ब्रश नव्यासारखा चालतो.

काय बिघडतं आणि का

ठळक, समांतर रेघा राहिल्या तर कारण बहुधा जाड केस, ताणून पातळ केलेला थर किंवा उशिरा दिलेला फेरा. आधी थर थोडा भरदार करून पाहा. तरी राहिल्या तर ब्रश बदला.

बुडबुडे: काठावर घासणं, डबा हलवणं, भराभर पुढेमागे ब्रश मारणं. हळू, लांब फेरे दिल्यावर बहुतेक बुडबुडे पहिल्या मिनिटात फुटतात. तरी राहत असतील तर चिरलेल्या टोकांचा ब्रश ठेवून अणकुचीदार टोकांचा घ्या.

थरात पांढरे किंवा पारदर्शक कण सापडले तर ती धूळच असेल असं नाही. ब्रशच्या मुळाशी आधी वाळलेल्या वॉर्निशचा चुरा सुटून येतो. ब्रश वाकवून मुळाशी पाहिलं की पिवळसर कडक पापुद्रे दिसतात. तो ब्रश या कामातून बाद.

गोल खड्डे पडून वॉर्निश मागे सरकत असेल तर कुठेतरी तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे: लाकडावर, पुसायच्या चिकट फडक्यात किंवा ब्रशमध्ये. पूर्वी तेलातल्या वॉर्निशला वापरलेला ब्रश कितीही धुतला तरी त्यात अंश राहतो, म्हणून वॉटर-बेसचे ब्रश वेगळे ठेवा आणि दांड्यावर खूण करा. धूळ पुसायला ओलसर मायक्रोफायबरचं फडकं पुरतं.

कोपऱ्यात किंवा खाचेत दुधी डाग राहिला तर तिथे माल साचला आहे. खाचांमध्ये लहान ब्रश कोरडा करून साचलेला माल टिपून घ्या, ओला असतानाच.

धुणं आणि ठेवणं

दोन हातांच्या मधे, दोन तासांपर्यंत, ब्रश प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ठेवता येतो. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर धुऊनच ठेवा. हार्डनर मिसळलेल्या दोन भागांच्या वॉर्निशला ही सवलत नाही, ते गुंडाळीतही घट्ट होतं. तो ब्रश काम संपताक्षणी धुवायचा.

आधी जास्तीचा माल भांड्यात आणि मग जुन्या कागदावर काढा. पहिलं धुणं बादलीतल्या पाण्यात करा, म्हणजे रेझिनचा गाळ नळीत जाणार नाही. मग कोमट पाणी आणि साबण. गरम पाणी नको, कृत्रिम केस त्यात वाकतात आणि थंड झाल्यावर तसेच राहतात. बोटांनी केस मुळाशी उघडून साबण तिथे चोळा, कंगवा मुळापासून टोकाकडे काढा. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे ब्रश धुतला गेला असं समजू नका. मुळाशी बोट फिरवून चिकटपणा जाणवतो का ते पाहा. नंतर तळव्यांत फिरवून पाणी उडवा, टोकं छिन्नीच्या आकारात बसवा, केसांभोवती कागदाची सैल घडी गुंडाळा आणि ब्रश टांगून किंवा आडवा ठेवा. केसांवर उभा ठेवलेला ब्रश एका रात्रीत वाकतो.

वॉर्निश वाळून गेलंच असेल तर केसांपुरतं मिथिलेटेड स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल एका छोट्या भांड्यात घेऊन काही तास बुडवा आणि कंगव्याने सुटं करा. पत्रा बुडवू नका. हे करताना खिडक्या उघड्या आणि जवळपास आग किंवा ठिणगी नको. टोकं सुटली तरी मुळाशी कडकपणा राहिला असेल, तर तो ब्रश प्रायमर किंवा गोंद लावण्याच्या किंवा धूळ झटकण्याच्या कामाला लावा आणि शेवटच्या हातासाठी दुसरा घ्या.